झाकणावरचा आकडा

लिमा शहराच्या वर, जिथे नकाशा संपतो
आणि पिवळ्या पायऱ्या सुरू होतात,
तिथे आमचा पत्रा, आमची तीन दगडांची चूल
आणि साठ माणसांचं एक पातेलं.
पाणी टँकरनं येतं, निळ्या पिपात राहतं.
खाली जे बागांना नळीनं सोडतात
ते आम्ही बादलीच्या भावानं घेतो.
तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगते.
हिशेब माझ्याकडे असतो.

मी यानेला. वही माझी, अक्षर माझं.
डाव्या रकान्यात: किती वाढलं.
उजवा रकाना नव्हताच.
सातुर्निना मावशी म्हणायची,
पळीनं पाणी वाढवता येतं गं, भात नाही.
मग रांगेतल्या शेवटच्यांना ती सांगे, उद्या या,
आणि पातेलं उगीच खरवडत राही
त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत.

ते 'उद्या या' कुठे लिहायचं?

एकदा कचेरीतून एक बाई आल्या,
बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून.
वही चाळली. म्हणाल्या, साठ ताटं, उत्तम.
त्या गेल्यावर मी उजवा रकाना आखला.
पट्टी नव्हती. पळीच्या दांड्यानं.
पहिला आकडा: एकवीस.

समोरच्या टेकडीवर इदेलसानं आखला. मग तिसऱ्या पातेल्यानं.
पुढचं कुणी ठरवलं ते विचारू नका;
टँकरवाला एफ्राइन पाणी विकायचा
आणि निरोप फुकट पोचवायचा.
ठरलं ते असं, की ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी
प्रत्येकीनं आपलं झाकण राखेनं घासायचं,
त्यावर उजव्या रकान्यातला आकडा खडूनं काढायचा
आणि शहराकडे तोंड करून टांगायचं.
एका झाकणाला कोण विचारतं?
पण दोनशे झाकणं एकदम चमकली
तर खालच्यांना डोळ्यांवर हात धरावा लागेल,
असं आम्हाला वाटलं.

ऑगस्टमध्ये लिमाला ऊन कुठलं!
धुकं आलं. आमचं नेहमीचं,
ज्याला आम्ही पाऊस म्हणत नाही
आणि जे कपडे वाळू देत नाही.
झाकणं टांगली. खडू ओघळला.
समोरची टेकडी नाही, शहर नाही, समुद्र तर नाहीच.
माझा आकडा मलाच दिसेना.

तेव्हा मावशीनं पळी खाली ठेवली,
पदराविना उघडे हात तोंडाशी धरले
आणि ओरडली: तेवीस!
एक कुत्रं भुंकलं. बस.
मग इदेलसाच्या बाजूनं: एक्केचाळीस!
त्याच्याही पलीकडून, बारीक: सतरा!
आणि आकडे निघाले टेकडीवरून टेकडीवर,
घर बांधताना विटा जातात तसे,
या हातातून त्या हातात.
मी लिहीत होते. पान ओलं, पेन उमटेना,
दाबून लिहीत होते,
मागच्या पानावर वळ उठतील इतकं.
चौपन्न. नऊ. बत्तीस.
तीस, आणि एक बाळंतीण.

मग अगदी वरून, वाळूच्या कड्यापासून:
शून्य.

कुणीतरी टाळी वाजवली. मीही हसले.
शून्य! कुणीच उपाशी परतलं नाही!
मावशी हसली नाही.
म्हणाली, विचार त्यांना, चूल पेटली का.

माझा प्रश्न चार टेकड्या चढत गेला.
उत्तराला वेळ लागला,
धुक्यात उत्तरं पाय चाचपत येतात.
पातेलं विकलं. गेल्या मंगळवारी.

पुढचा आकडा कुणी ओरडलाच नाही.
मावशीनं टांगलेलं झाकण काढलं,
पातेल्यात डोकावली,
आणखी तीन तांबे पाणी ओतलं
आणि दोन पोरांना वर पिटाळलं, बोलवा त्यांना.

एफ्राइन रिकामा टँकर घेऊन उतरायला निघाला.
खाली कुणाला काय सांगू, म्हणाला.
मी पान फाडून दिलं. बेरीज केली नव्हती.
ती खालच्यांनी करावी, त्यांच्याकडे शाळा जास्त आहेत.
फक्त शून्याभोवती पेन दोनदा फिरवलं होतं.

येताना खडू आण, म्हटलं.
उद्याही लागेल.